कुठंतरी पाणी मुरतंय! आपलं माणूस कटाच्या गोष्टींच्या नादी लागतं तेव्हा (अनुभव धागा)

आज कपाट रिकामं करताना बाबांची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, पट्टा किती बोटं, किती वेळ टिकला, शेरा. विमानामागे आकाशात जो पांढरा पट्टा उमटतो ना, त्याच्या नोंदी आहेत. हात लांब करून, एक डोळा मिटून, बोटांनी मापायचे. तो पट्टा म्हणजे फवारणी आहे, माणसं आजारी पडावीत म्हणून वरून काहीतरी सोडतात, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती.

आई गेली त्यानंतरचं हे. दुखणं कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. "चांगली हिंडतीफिरती बाई, असं उगाच कसं होईल?" हा प्रश्न त्यांनी मला किती वेळा विचारला असेल. मी म्हणायचे, होतं बाबा असं कधी कधी. व्हिडिओतला माणूस सांगायचा, उगाच काहीच होत नसतं. त्यांना तो जवळचा वाटला आणि मी लांबची.

मी खूप भांडले. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, हे खूळ आता पुरे करा." ते काही बोलले नाहीत. वही घेऊन आत गेले. त्यानंतर ती मला कधी दाखवली नाही, मीही मागितली नाही.

तुमच्या घरात, ओळखीत असं कोणी होतं का? कशामुळे ओढलं गेलं ते माणूस? जमेल तसं लिहा.

---

ताई, डोळ्यात पाणी आलं वाचताना. आमच्याकडे मामा. लिहायचं खूप आहे, आत्ता मुलीला झोपवतेय. रात्री येते.

---

माझा थोरला भाऊ. चंद्रावर माणूस गेलाच नाही, सगळं स्टुडिओत केलं. इंजिनियर आहे हो तो! मी अभ्यास करून वाद घालायचो. झेंडा फडकतो कसा? अरे, वरून आडवी दांडी घातलीय त्यात. १९६९ ते १९७२ मध्ये सहा वेळा माणसं उतरली, ३८२ किलो दगडमाती आणली, तिथे ठेवलेल्या आरशांवर आजही लेसर मारून अंतर मोजतात. त्याच्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार. दगड खोटे, लेसरवाले सामील.

मूळ वेगळंच होतं हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या कामाच्या ठिकाणी एका यंत्रात दोष आहे असं हा महिनोन्‌महिने सांगत होता. कोणी ऐकलं नाही, वर यालाच गप्प बसवलं. शेवटी याचंच खरं निघालं, पण तोवर नोकरी गेली होती. तेव्हापासून चार शहाणी माणसं एक गोष्ट म्हणाली की तो म्हणतो, म्हणजे नक्की खोटी असणार. तो चंद्राबद्दल बोलतच नव्हता, असं मला आता वाटतं.

---

शेवटचं वाक्य 🙏

---

मी स्वतः त्यात होतो. २०२० आणि पुढचं अर्धं वर्ष. त्यामुळे आतून कसं वाटतं ते सांगतो.

दार बंद, काम बंद, रात्रीची झोप उडालेली. फाईव्ह-जीमुळे आजार पसरतो असं एकाने पाठवलं. मी हसून सोडलं. तेच पाच जणांकडून आलं तेव्हा हसलो नाही. मग एका ग्रुपात गेलो. रात्री दोन वाजता काही लिहिलं तरी दोन मिनिटांत कोणीतरी नावाने हाक मारून उत्तर द्यायचं. घरात सगळे घाबरलेले, इथे मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक! जग झोपलंय आणि आपण जागे आहोत, या भावनेची नशा असते. खरंच नशा असते. ब्रिटनमध्ये त्या वर्षी लोकांनी टॉवर पेटवले, ते वाचून मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. आज वाटतं.

बाहेर पडलो ते दोन गोष्टींमुळे. एक मित्र दर रविवारी फोन करायचा. या विषयावर एक अक्षर नाही, नुसत्या गप्पा. आणि दुसरं, ग्रुपात एका सकाळी कोणी लिहिलं की विषाणू मुळात नाहीच. दुपारी दुसऱ्याने लिहिलं, विषाणू प्रयोगशाळेत बनवलाय. दोन्हींना त्याच लोकांनी टाळ्या दिल्या. मी साधा प्रश्न विचारला, यातलं खरं कोणतं? रात्री मला ग्रुपातून काढलं. तो मित्र नसता तर मी दुसऱ्या कुठल्या ग्रुपात गेलो असतो, खात्रीने सांगतो.

---

दोन्ही एकदम खरं कसं असेल, हा प्रश्न आमच्या मामांना विचारून बघते. नको, रविवारचा फोनच करते.

---

घाईत लिहितेय. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना बोलायचा थांबला. येत होते ते सात-आठ शब्दही गेले. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. त्याआधी काही दिवस लस दिली होती. झालं, मला उत्तर मिळालं! दोन वर्षं मी दिसेल त्या आईला सांगत सुटले, लस देऊ नका.

नंतर कळलं की हे सगळं १९९८ च्या एका शोधनिबंधावरून पेटलं होतं. त्यात मुलं होती फक्त १२. नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी त्या डॉक्टरची नोंदणीही रद्द झाली. लाखो मुलांवरच्या अभ्यासांत लशीचा संबंध सापडला नाही. स्वमग्नतेची लक्षणं ठळक होण्याचं वय आणि या लशीचं वय साधारण एकच, म्हणून ते लागून लागून दिसतं.

पण हे ऐकायची माझी तयारी का नव्हती, ते सांगते. लस नाही म्हटलं की उरले मीच. गरोदरपणात माझं काय चुकलं? मी त्याच्याशी कमी बोलले का? एका ताईंनी, त्यांचा मुलगा माझ्या मुलाहून मोठा, मला जवळ घेऊन सांगितलं की तुझं काही चुकलेलं नाही. त्या रात्री मी तो व्हिडिओ पुसला. ज्या आयांना मी घाबरवलं त्यांतल्या तिघींना जाऊन भेटले. बाकीच्यांचे नंबर नाहीत माझ्याकडे.

---

तिघींना जाऊन भेटलात, ही फार मोठी गोष्ट आहे ताई. मुलगा कसा आहे आता?

---

बारा वर्षांचा झाला. बोलतो थोडं. चित्रं काढतो खूप.

---

मला थोडं वेगळं म्हणायचंय. संशय घेणारा प्रत्येक जण खुळा नसतो. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. "रक्त खराब आहे" म्हणून सांगितलं. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, आलं तरी दिलं नाही. त्यांच्या नातवाने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही तर त्याला काय म्हणणार तुम्ही? कट होतात. विश्वास एकदा मोडला की तो पिढ्यान्‌पिढ्या सांधत नाही, हेही ओढले जाण्याचं कारणच आहे.

---

दादा, अगदी मान्य. पण ते उघडं कसं पडलं तेही बघा. पीटर बक्स्टन नावाच्या आतल्याच माणसाने आधी रीतसर तक्रारी केल्या, मग कागद पत्रकाराच्या हाती दिले, १९७२ मध्ये बातमी छापून आली. खऱ्या कटाला कागद असतात, नावं असतात, तारखा असतात, कधीतरी शेवट असतो. बाकीच्या गोष्टी पुरावा मागितला की आणखी फुगतात.

मी मानसशास्त्र शिकवते म्हणून आणखी दोन गोष्टी. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवलंय. वर त्या दादांनी "पाच जणांकडून आलं" लिहिलंय, ते हेच. शिकलेल्यांचंही तसंच होतं. आणि दुसरं, मोठ्या घटनेला मोठंच कारण हवं असतं मनाला. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना गोळी घालणारा एकटा, साधा माणूस होता, हे अजून कित्येकांच्या पचनी पडत नाही. धागा काढणाऱ्या ताईंचे बाबा विचारत होते, "उगाच कसं होईल?" त्यांच्यासाठी तर सगळं जगच गेलं होतं. तेवढ्याशा कारणाने ते कसं जाईल?

---

थोडं विषयांतर. सासरे दिवसभर असले व्हिडिओ मोठ्या आवाजात लावतात. एक संपला की आपोआप दुसरा सुरू. ते बंद कसं करायचं?

---

सेटिंगमध्ये ऑटोप्ले असतं ते बंद करा. आणि हिस्ट्री पुसा, नाहीतर तसलंच दाखवत राहतं. आवाज मोठा म्हणजे ऐकायला कमी येतं का त्यांना?

---

हो, दोनेक वर्षं झाली. यंत्र घ्यायला नको म्हणतात. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, आम्ही चौघं बोलत बसलो की ते मध्येच उठून जातात. त्यांना ऐकूच येत नसणार. घरात त्यांच्याशी पुरेशा मोठ्याने बोलणारा तो फोनच आहे फक्त. आज कान तपासायची वेळ घेते.

---

धागा काढणाऱ्या ताई, मी हवामानाच्या निरीक्षणाचं काम करायचो, आता निवृत्त आहे. तुमच्या बाबांच्या नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. विमान उडतं तिथे उणे चाळीसच्या आसपास थंडी असते. इंजिनातली वाफ बाहेर येताच गोठते, त्या बर्फकणांचा पट्टा दिसतो. वरची हवा कोरडी असेल तर क्षणात विरतो, दमट असेल तर तासन्‌तास राहतो, पसरतो. हवा बदलायच्या आधी पुष्कळदा असं होतं. त्यांनी लांबी आणि टिकण्याची वेळ दोन्ही लिहिलंय म्हणता. शेऱ्याच्या रकान्यात काय आहे, बघता का?

---

बघितलं. पहिली वीस-पंचवीस पानं "फवारणी जोरात", "आज जास्त" असंच आहे. त्यापुढे ते शब्द कमी होत जातात. लांब पट्ट्यांच्या दिवसांपुढे लिहिलंय, "दुसऱ्या दिवशी आभाळ." "दुसऱ्या दिवशी पाऊस." खाली लाल शाईची रेघ. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह काढून लिहिलंय, "पावसाशी संबंध? विचारणे."

मी ओरडले त्याच्या नंतरच्या तारखा आहेत या.

---

ताई, पानांचे फोटो काढून ठेवा. लाल शाई लवकर उडते.

---

काढतेय. गच्चीवर आलेय वही घेऊन.