विषय: सुट्टीतल्या अक्षरजोड्या (शनिवारची शाळा, लहान गट)

प्रेषक: वडगावची लेक (एरवी ह्यूस्टन, सध्या माहेरी)

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरपासून आपल्या ह्यूस्टनच्या शनिवारच्या मराठी शाळेतला लहान गट माझ्याकडे येणार आहे. पोरं चार-पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

तिकडच्या प्लेस्कूलने सुट्टीसाठी एक जाडजूड पाकीट दिलंय. थोरल्या ‘ए’ची धाकट्या ‘ए’शी जोडी लावा, अक्षर लिहिलेला बेडूक त्याच अक्षराच्या पानावर बसवा, आइस्क्रीमचा गोळा त्याच्या कोनावर ठेवा, असलं काहीबाही. आमची पोरगी त्यात रमते. तसंच मराठीत हवंय. पण नेटवर देवनागरी म्हणून जे तक्ते मिळतात ते बहुतेक हिंदीचे. एक आईला दाखवला, तर चष्मा सारखा करून म्हणाली, ‘‘ह्यात ळ कुठं हाय गे? आणि अ अनाराचा कधीपास्नं झाला?’’

दुसरा प्रश्न इथला, बेळगावचा. खडे बाजारात, गणपत गल्लीत पोरगी प्रत्येक पाटीकडे बोट करून ‘हा कुठला?’ विचारते. निम्म्याहून जास्त पाट्या कन्नड. तिचा गोंधळ होईल म्हणून सासरचे म्हणतात, तिला सध्या फक्त मराठीच दाखव. खरंच गोंधळ होतो का?

शहापूरच्या बालवाडीच्या बाई आपल्या या मेलच्या यादीवर आहेत, त्यांनी लिहिलं तर फार बरं.

---

प्रेषक: शहापूरच्या बाई

अगं, मुलानं मला या यादीत घातलं ते दिवाळी अंकाच्या पैशांच्या मेल वाचायला नव्हे, हे आज पहिल्यांदा पटलं. बालवाडीतून निवृत्त होऊनही उन्हाळ्यात गल्लीतली पोरं दारात असतातच, त्यामुळे हात अजून चालू आहे. सावकाश वाच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. आपल्या लिपीत थोरलं-धाकटं अक्षर नाही, त्यामुळे त्या पाकिटातला मुख्य खेळच आपल्याला लागू नाही. मग जोडी कशाची लावायची? अक्षराची त्याच अक्षराशी, आणि आवाजाची अक्षराशी. एवढंच. बाराखडी या वयात नको. ‘क’ला वेलांटी लागली की तो ‘कि’ होतो, हे पोरांना गाण्यातून कळू दे, जुळवायला लावू नकोस.

आणि सुरुवात कानापासून. अक्षर दाखवूच नकोस. परडीत आंबा, आरसा, चमचा, फणी, फुलपात्र असं घरातलं सामान टाक आणि विचार, ‘फ’ची मंडळी कोण कोण? फणी आणि फुलपात्र शेजारी बसली की तीच पहिली जोडी. हे पुरेसं घोटल्याशिवाय कागद काढणारी शिक्षिका मला घाईची वाटते. ज्या आवाजाकडे पोराचं लक्षच गेलेलं नाही, त्याचं चिन्ह त्याच्या दृष्टीनं नुसतं एक वाकडंतिकडं चित्र असतं.

मग अक्षरं. अ आ इ ई हा क्रम म्हणायला सुंदर आहे, जरूर म्हणून घे. पण खेळायला तो क्रम वाईट, कारण तिसऱ्याच पावलाला इ येते आणि तिची वळणं मोठ्यांनाही नीट जमत नाहीत. आपल्या शाळांतून ग म भ न असा वळणाचा क्रम चालत आला तो उगीच नाही. एकेक उभी रेघ, बाजूला थोडं काहीतरी. पुढे व ब क, मग र स ख, मग प ष फ. पण पोराच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र सगळ्यांच्या आधी, ते कितीही अवघड असलं तरी.

आता खाचखळगे सांगते, ते नेटवरच्या तक्त्यांत कोणी सांगत नाही.

म आणि भ, घ आणि ध. या जोड्यांत मुख्य फरक डोक्यावर आहे. म आणि घ यांची शिरोरेघ सलग, भ आणि ध यांची तुटलेली. पोरं अक्षर खालून ओळखतात, वर बघतच नाहीत. म्हणून म पक्का होईपर्यंत भ समोर आणायचा नाही. मग एक दिवस दोघांना शेजारी ठेवायचं आणि ‘कुणाची टोपी फाटलीय?’ विचारायचं. हसत हसत कळतं, आणि पोरं मग रस्त्यावरच्या पाट्यांवर फाटक्या टोप्या शोधत सुटतात.

ळ आणि ण. आपल्याकडे या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाही. त्यामुळे ‘पहिलं अक्षर जुळवा’ या खेळात ही दोघं कायम उपाशी राहतात, आणि हिंदी तक्त्यात तर ळ बसतच नाही. यांच्यासाठी खेळ उलटा करायचा, शेवटचा आवाज जुळवायचा. बाळ, नळ, केळ, जांभूळ. बाण, लोण. ङ आणि ञ या वयात विसर.

च आणि ज. चाक, चमचा एका घरचे आणि चिमणी दुसऱ्या घरची. जांभूळ एका घरचं आणि जीभ दुसऱ्या. अक्षर एकच, आवाज दोन. परडीत दोन्ही घरची चित्रं टाकलीस तर चांगल्या कानाचं पोर म्हणेल, चिमणी इथली नाही. त्याचं बरोबर असेल आणि आपण त्याला चूक म्हणून बसू. सुरुवातीला एकाच घरची घे.

ल आणि श. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला ठरवून दिली तेव्हा मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श नक्की केला. संगणकावरचे कितीतरी टाइप मात्र हिंदी वळण दाखवतात. छापण्याआधी ही दोन अक्षरं डोळ्यांखालून घाल. जुळवण्याच्या खेळात एका कार्डावर एक ल आणि दुसऱ्यावर दुसरा आला, तर पोरानं करायचं काय?

साधनांचं म्हणशील तर इथे असेपर्यंत चैन आहे. खानापूरची कुंभारमाती आण. मातीच्या लांब वळ्या करून पोरांकडून अक्षरावर अक्षर ठेवून घ्यायचं. माँटेसोरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवायची असतात, ही माती त्यांचीच बहीण. दुपारी अंगणातल्या फरशीवर किंवा फुटक्या कौलावर ओल्या कुंचल्यानं अक्षर काढायचं, ते वाळून जायच्या आत त्याची जोडी शोधायची. एप्रिल-मेच्या उन्हात हा खेळ भलताच रंगतो. तू जूनमध्ये आलीस, त्यामुळे आता पडवी सोडून बाहेर काही वाळणार नाही. तिकडे परत गेलीस की ऑगस्टात खेळ.

चिंचोके जपून. धाकटं भावंड असेल तर नकोच, नाकात घालतात.

वेळ दहा मिनिटं. पोर ‘अजून’ म्हणत असतानाच परडी उचलायची.

कन्नडचं भय कोणी घातलं तुला? सीमाभागात आम्ही सगळे दोन लिप्यांत वाढलो. उलट तुझ्या हातात आयता खेळ आहे. पाटी दिसली की विचार, डोक्यावर लांब रेघ आहे की नाही? कन्नड अक्षरं गोल गोल, त्यांच्या डोक्यावर ज्याची त्याची छोटी खूण, तिला ते तलकट्टु म्हणतात. आपल्याकडे सगळी अक्षरं एकाच दोरीवर वाळत घातलेली. हे वेगळं करता येणं ही अक्षरओळखीची पहिली पायरीच आहे. आणि क ख ग घ चा क्रम दोघांचा सारखा, दोन्ही लिप्यांचं मूळ ब्राह्मीत. शेजारच्या कन्नड पोरीला खेळात घे, ती कागुणित (त्यांची बाराखडी) म्हणेल, तुझी बाराखडी ऐकेल.

---

प्रेषक: येळ्ळूरचा दादा (म्युनिक)

बाई, नमस्कार. वाचून मजा आली, पण वेळेचं गणित जुळत नाही. शनिवारी एकच तास असतो. आठवड्याला चार अक्षरं धरली तर नाताळपर्यंत वर्णमाला संपते, मी तक्ता करून देतो. शिवाय मोबाइलवर जुळवाजुळवीची ॲप्स आहेत, पोरं आपण होऊन करतात. आणि ‘ॲ’, ‘ऑ’ चं काय? आमच्या पोरांना ॲपल आणि ऑरेंज आधी येतं, आंबा मागाहून!

ता. क. पाट्यांचा विषय निघालाच आहे तर, २०२४ च्या कायद्याने साठ टक्के कन्नड सक्तीचं झाल्यापासून...

---

प्रेषक: यादी सांभाळणारा

दादा, तो विषय वेगळ्या धाग्यात. इथे फक्त बेडूक आणि फाटक्या टोप्या.

---

प्रेषक: निपाणीची काकू (दुबई)

आमच्याकडे सुट्टीत पोरांना बाहेर पाठवायची सोय नाही, पंचेचाळीस अंशांत अंगण कुठलं. मी ताटात रवा पसरते. एका बाजूला मी बोटानं अक्षर काढते, दुसऱ्या बाजूला नातू. जुळलं की ताट हलवायचं, पाटी कोरी. पूर्वी धुळपाटीवर हेच करायचे. कणकेची अक्षरं पण करतो, पण ती तो भाजून खायला मागतो, त्यात त आणि न गेले.

एक शंका. तो ग उलटा काढतो, आरशात दिसावा तसा. शाळेत अरबी पण आहे, ती उजवीकडून लिहितात, म्हणून असेल का?

---

प्रेषक: वडगावची लेक

बाई, फाटकी टोपी जोरात चाललीय! परडीचा खेळ मात्र आमच्याकडे फसला. तिला चेष्टा सुचली आणि ती प्रत्येक वस्तूला ‘फ’ लावायला लागली: फांबा, फारसा, फमचा. आई म्हणते, आवाज कळल्याशिवाय एवढी चेष्टा कोण करेल.

काल तिला बसस्टँडवर नेलं होतं. इथल्या गाड्यांवर कन्नड, महाराष्ट्राच्या एसटीवर देवनागरी. मी चिठ्ठीवर फक्त ‘र’ लिहून दिला होता. ‘कोल्हापूर’च्या टोकाला तो सापडला तेव्हा तिनं असा आरडाओरडा केला की कंडक्टरनं वाकून विचारलं, चढायचंय का? मग सावंतवाडीच्या गाडीत र शोधत बसली, तिथे नाहीच. ‘नाही’ हे उत्तर आल्यावर ती जास्त खूश झाली. हे कार्डांवर करता येईल का? म्हणजे जोडी नसलेलं एखादं कार्ड मुद्दाम ठेवायचं?

---

प्रेषक: शहापूरच्या बाई

ठेव की. एकटं कार्ड हवंच, नाहीतर पोरं शेवटची जोडी न बघताच लावतात. फांबा-फारसावर तुझ्या आईचं म्हणणं बरोबर आहे, फसला वगैरे काही नाही.

दादा, तक्ता तू करशील तो चोखच करशील, पण नाताळपर्यंत वर्णमाला संपवून पुढे काय करायचं आहे? ग म भ न, र, स आणि पोरांच्या नावांची अक्षरं एवढी पक्की झाली तरी ती मुलं ‘मगर’, ‘नगर’, ‘सरस’ वाचतील. सगळी अक्षरं अर्धवट ओळखणाऱ्याला एकही शब्द वाचता येत नाही. ॲपला माझा विरोध एवढ्यासाठीच, की काचेवर म आणि भ बोटाला सारखेच लागतात. मोठ्या मुलांना द्या, हरकत नाही. ॲ आणि ऑ वर्णमालेत आले आहेत हे खरं, पण तुझ्या पोरांनी ते आवाज आधीच कमावलेत, त्यांना चिन्ह मागाहून दाखवलं तरी चालेल. ळ, ण ऐकण्याची सवय मात्र घराबाहेर कुठेच लागणार नाही.

निपाणीच्या ताई, अरबीला बोल लावू नका. फक्त मराठी शिकणारी पोरंही अक्षर उलटं काढतात, सहा-सात वर्षांपर्यंत हे चालतं. खोडून दाखवू नका, शेजारी तुमचा सरळ ग काढा आणि जोडी लागते का विचारा. रव्याचं ताट झकास.

वडगावकरणी, जाताना चिंचोके-सागरगोटे सामानात टाकू नकोस, बिया विमानतळावर काढून घेतात. तिकडे दुकानातला राजमा आण. मातीही नको, वजन होतं, तिथे मिळेल ती घे.

चित्रं मी हातानं काढून देते. च चा चमचा आणि चाक, ळ चा नळ, ण चा बाण, क चा कुंदा, म चे मांडे. अनार नाही. लहान गटात पोरं किती आहेत आणि त्यांची पहिली अक्षरं कोणती तेवढं रविवारपर्यंत कळव. आणि यादीतल्या कुणाचे आईवडील ऑगस्टात ह्यूस्टनकडे निघणार असतील तर सांगा, पुठ्ठ्याच्या पाट्यांचा एक गठ्ठा द्यायचा आहे. दगडी पाट्या देणार होते, पण गेल्या खेपेला निम्म्या फुटून पोचल्या.