जळगाव–न्यूयॉर्क हवाई अंतर: मुंबईच्या अंतरात जळगाव–मुंबई मिळवायचं का?

रावेरकर
शाळेच्या भूगोल तक्त्यासाठी हवं आहे. मुंबई–न्यूयॉर्क (जेएफके विमानतळ) १२,५३० किमी, जळगाव–मुंबई ३५५ किमी. म्हणजे जळगावहून १२,८८५ लिहायचं ना? शिवाय भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की रेषा अरबस्तान आणि सहारावरून जाते. मग विमानं एवढी उत्तरेला का जातात?

तापीकाठ
नाही भाऊ, बेरीज करू नका. जळगाव–न्यूयॉर्क थेट अंतर साधारण १२,४७० किमी भरतं, म्हणजे मुंबईपेक्षा ६० किमी कमी!
मुंबईहून न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग पश्चिमेला नाही, वायव्येच्याही उत्तरेकडे निघतो. तो पुढे ६४–६५ अंश उत्तरेपर्यंत चढून आइसलंडवरून जातो. जळगाव मुंबईच्या पूर्वेला आहे खरं, पण उत्तरेलाही २०० किमी आहे, आणि या दिशेत उत्तरेचा फायदा जास्त पडतो.
पट्टीची रेषा सरळ दिसते ती मर्केटर नकाशामुळे (गोल पृथ्वी सपाट करताना त्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो). तिच्यावरून मुंबई–न्यूयॉर्क गेलात तर १४,२०० किमी होतात.

गणित_अमळनेर
रीत देतो, मुलांकडूनच करून घ्या. जळगाव २०.९६ उ., ७५.६३ पू.; जेएफके ४०.६४ उ., ७३.७८ प.
दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२३३. दोन्ही अक्षांशांचे कॉस गुणिले रेखांशांतल्या फरकाचा (१४९.४१°) कॉस: −०.६१०. बेरीज −०.३७७. तिचा व्यस्त कॉस ११२.१५°. एका अंशाला १११.१९५ किमी, झालं.
चुका ठरलेल्या असतात. पश्चिम रेखांशाला उणे लावायचं राहिलं तर उत्तर २,२०० किमीच्या आसपास येतं, लगेच ओळखा. २०°५७′ म्हणजे २०.९५, २०.५७ नव्हे, तसं लिहिलंत तर विमानतळ पाचोऱ्याच्याही दक्षिणेला जातो. एक्सेलमध्ये अंशांचे रेडियन केल्याशिवाय साइन-कॉस लावू नका, उत्तर निरर्थक येतं. आणि संकेतस्थळावरचा आकडा नॉटिकल मैलांत असेल तर १.८५२ ने गुणा, १.६०९ ने नाही.
पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्याने अचूक साधनांत थोडा फरक दिसेल, अर्ध्या टक्क्याच्या आतच.

तापीकाठ
पडताळ्याला दोरा घ्या. ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. जळगाव ते न्यूयॉर्क ताणलेला दोरा २९ सेंमीच्या थोडा वर भरला पाहिजे.
तक्त्यात मात्र "हवाई अंतर" आणि "उड्डाणमार्ग" वेगळे लिहा. जळगावहून मुंबईमार्गे गेलं तर प्रवास १२,८८५चाच, तिथे तुमची बेरीज बरोबर आहे. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून लांबतं: बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात (उदा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली) आणि वारा बघून मार्ग रोज बदलतो. उंचावरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे परतीला वेळ कमी लागतो.

रावेरकर
दोन रकाने करतो, आणि दोऱ्याचा प्रयोग वर्गातच घेतो. आभार.