अ‍ॅव्होकाडो तळहातावर धरून कापू नका

धाकटी काकू: वन्सं, उद्या रात्री आठ माणसं जेवायला आहेत. सॅलडसाठी चार अ‍ॅव्होकाडो आणलेत, त्यातले दोन अगदी दगड. आजच चिरून ठेवू का?

आत्या: आज सुरी लावू नकोस. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकायला लागतं. टणक दोन्ही एका पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत घाल आणि तोंड दुमडून ठेव. केळ्यातून इथिलीन नावाचा फळं पिकवणारा वायू सुटतो, त्याने जरा लवकर पिकतात. पण उद्याचा भरवसा नको, दोन-तीन दिवस लागतात.

ताई: मी तर रंग बघते. काळपट झालं की पिकलं.

आत्या: ते हास जातीचं गं. फुएर्ते जातीचं पिकलं तरी हिरवंच राहतं. देठाजवळ अंगठ्याने अलगद दाबून बघायचं. किंचित दबलं पाहिजे, पण खळगा राहता कामा नये. खळगा पडला तर ते कुस्करायच्या कामाचं, सॅलडमध्ये त्याचा लगदा होतो.

धाकटी काकू: दोन तसे आहेत, दाबून बघितले. व्हिडिओत तळहातावर अर्धं फळ धरून बीवर सुरी मारतात, तसंच करायचं ना?

आत्या: नाही! कुणीच करू नका. मी तसंच करायला गेले होते. बी ओली आणि गुळगुळीत, सुरी घसरली ती थेट अंगठ्याखालच्या मांसात. तीन टाके पडले, महिनाभर मूठ धड मिटत नव्हती. हे इतक्यांना होतं की या जखमेला ‘अ‍ॅव्होकाडो हँड’ असं नावच पडलंय.

आत्या: आधी साल चोळून धू आणि पूस. साल खात नसलो तरी तिच्यावरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात. मग फळ बोर्डावर आडवं ठेव. सुरी बीला टेकेपर्यंत घाल आणि ती न हलवता फळ गोल फिरव. पाव वळण देऊन पुन्हा तसाच छेद. आता पिळलंस की चार फोडी सुट्या होतात. बी एकीला चिकटून राहते, ती बोटांनीच निघते. साल टोकाकडून केळ्यासारखी सोलायची. चमच्याने खरवडू नकोस, सालीलगतचा गडद हिरवा गर तिलाच चिकटून जातो आणि कॅरोटिनॉइड, म्हणजे पोषक रंगद्रव्यं, सगळ्यात जास्त तिथेच असतात.

मोठे काका: बी वाडग्यात ठेवली की काळं पडत नाही म्हणे?

आत्या: दादा, बी जिथे टेकते तेवढाच गर हिरवा राहतो, कारण तिथे हवा लागत नाही. बाकीचा काळवंडतोच. त्यापेक्षा लिंबू चोळा. आंबटपणाने काळं पडणं मंदावतं, पण थांबत नाही.

ताई: आणि अख्खी फळं पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती?

आत्या: ती तर नकोच. सालीवर लिस्टेरिया किंवा साल्मोनेला हे आजारी पाडणारे जंतू असले तर ते पाण्यात वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानेही, २०२२ मध्ये हे करू नका म्हणून सांगितलं होतं.

मोठे काका: साली पोपटाला घालतो मग.

आत्या: दादा, अजिबात नको! साल, बी, गर, काहीच नको. त्यात पर्सिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पक्षी दगावतात त्याने.

मोठे काका: बरं झालं विचारलं.

धाकटी काकू: फोडी कधी घालू?

आत्या: सगळ्यात शेवटी. बाकीचं सॅलड ड्रेसिंग घालून आधी नीट कालवून घे. पानं वाढायच्या दहा मिनिटं आधी फळ काप, फोडी मोठ्या ठेव, आणि चमचा खालून वर एकदाच फिरव. तेल नेहमीपेक्षा कमी घाल, गर मुळातच स्निग्ध असतो.

धाकटी काकू: (दुसऱ्या दिवशी, सायंकाळी) वन्सं, पिशवीतले दोन्ही अजून टणकच. पिकलेल्या दोन फळांतच भागवते, काकडी वाढवलीय. बी खरंच बोटांनी निघाली!

आत्या: छान. ते दोन बाहेरच राहू देत. दबायला लागले की फ्रिजमध्ये टाक, आणखी दोन-तीन दिवस टिकतील.