मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपसाठी डीडीआर३ रॅम कोणती घ्यावी?

मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, प्रोसेसर आय५-३४७०, विंडोज १० (६४-बिट). रॅमचे स्लॉट दोनच. एकात ४ जीबीची डीडीआर३ १३३३ (हा वेग) स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आहे, १.५ व्होल्टची, दुसरा रिकामा. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन रखडते. एसएसडी आधीच बसवली आहे, त्यामुळे अडचण मेमरीचीच दिसते.

बायोस अपडेट केला. आहे ती स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून लावली आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवली. कुठेच एरर नाही, म्हणजे स्लॉट ठीक आहेत. मॅन्युअलप्रमाणे बोर्ड एकूण १६ जीबी घेतो, प्रत्येक स्लॉटला ८. सर्व्हरची ईसीसी रजिस्टर्ड रॅम इथे चालत नाही हे माहीत आहे, तेव्हा ती सुचवू नका. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्सही रॅमच वापरते, म्हणून ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून मिळणारा जास्त वेग) मिळाले तर हवेच आहे. नवा बोर्ड सध्या घ्यायचा नाही.

जुन्या स्टिकशेजारी ८ जीबीची १.३५ व्होल्टची डीडीआर३एल (कमी व्होल्टची डीडीआर३) १६०० लावली, तर ती १.५ व्होल्ट आणि १३३३ वर दीर्घकाळ स्थिर चालेल का, की ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिकच घ्याव्यात? आणि ‘फक्त एएमडीसाठी’ (एएमडी प्रोसेसरच्या बोर्डवरच चालणारी) असलेली स्वस्त ८ जीबी स्टिक लेबलवर तसे लिहिले नसेल तर चिप्स पाहून कशी ओळखायची?