दारिद्र्यनिर्मूलनात पोषणाचा क्रम पहिला असावा

दारिद्र्य झपाट्याने घटत असल्याने भारताने आता रोजगारनिर्मितीवरच भर द्यावा, या मताला माझी एक पुरवणी आहे. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकावर, म्हणजे केवळ उत्पन्नाऐवजी आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांतील वंचिततेवरून, गरीब ठरलेली लोकसंख्या २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आली, आणि हे यश निर्विवाद मोठे आहे. मात्र हा निर्देशांक शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, वीज, बँक खाते अशा १२ निकषांवर बेतलेला असून त्यांतील बरेच निकष एकदा सुविधा पोहोचली की सुधारतात. पोषणाचे तसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात त्याच काळात पाच वर्षांखालील खुरट्या वाढीच्या बालकांचे प्रमाण ३८.४ वरून जेमतेम ३५.५ टक्क्यांवर आले, तर १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षय ५३.१ वरून ५७ टक्क्यांवर गेला. रक्तक्षयाने ग्रासलेल्या आईचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका अधिक असतो आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून निघत नाही, म्हणून २०३० पर्यंतच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी भूकमुक्तीचे दुसरे उद्दिष्ट मला सर्वांत निकडीचे वाटते. अंगणवाडी सेविकांचे मानधन आणि तीन वर्षांखालील मुलांचा आहार यांवरील खर्च वाढवल्याशिवाय ते गाठता येईल, असे मला वाटत नाही.