लेकीची इंग्लिश टेस्ट: आयरनी, फोरशॅडोइंग वगैरेची उजळणी कशी घ्यावी?

सातवीची_आई:
नमस्कार मंडळी, लेक इथे न्यू जर्सीत सातवीत आहे, पुढच्या आठवड्यात युनिट टेस्ट. गोष्टी तीन, पोची 'द टेल-टेल हार्ट', ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' आणि जेकब्सची 'द मंकीज पॉ', आणि सोबत टर्म्सची ही भलीमोठी यादी. व्याख्या तिला घडाघडा येतात पण गोष्ट समोर ठेवून इथे कुठली आयरनी (दिसतं किंवा वाटतं एक, खरं त्याच्या उलट) आहे विचारलं की अडते, सिच्युएशनल, ड्रामॅटिक, व्हर्बल हे तिन्ही प्रकार तिला सारखेच वाटतात. मी मराठी मीडियमची, आम्हाला उपमा-रूपक ओळखा एवढंच असायचं. कशी तयारी करून घेऊ?

निळी_शाई:
ताई, मी मिडल स्कूललाच शिकवते. फ्लॅशकार्ड्स आता बाजूला ठेवा आणि तिला एकच विचारत राहा, इथे कुणाला काय माहीत आहे? मॅजायमध्ये डेला केस विकून जिमच्या घड्याळासाठी चेन आणते आणि जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेत, दोघांनाही पत्ता नाही आणि आपल्यालाही शेवटपर्यंत नाही, सगळं अपेक्षेच्या उलट होतं, ही सिच्युएशनल. पोच्या गोष्टीत पोलीस त्या खोलीत निवांत गप्पा मारतायत आणि गोष्ट सांगणाऱ्याने, म्हणजे नॅरेटरने, मारलेल्या म्हाताऱ्याचं प्रेत खाली फळ्यांखाली, हे आपल्याला माहीत, त्यांना नाही, ही ड्रामॅटिक. व्हर्बलमध्ये बोलणारा जाणूनबुजून उलट बोलतो. मुलं हमखास चुकतात ती इथे: नॅरेटर सारखा म्हणतो मी वेडा नाही, मुलं व्हर्बल लिहून मोकळी होतात. पण त्याला ते मनापासून खरं वाटतंय! खोटं आहे हे फक्त आपल्याला कळतं, म्हणून तीही ड्रामॅटिकच, आणि अनरिलायबल नॅरेटर, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही असा, म्हणजे काय तेही इथेच कळून जातं.

टेक्सासकर:
वरच्याला अनुमोदन. मंकीज पॉ मात्र शेवट माहीत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा, फोरशॅडोइंगसाठी, म्हणजे पुढे काय होणार याच्या आधीच पेरलेल्या खुणांसाठी, याहून चांगली गोष्ट नाही. सुरुवातीलाच बाप-लेक बुद्धिबळ खेळतायत आणि बाप उगाच आपला राजा धोक्यात घालतो. मग घरी आलेला सार्जंट सांगतो की तीन इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाच्या पहिल्या मालकाची तिसरी इच्छा मरणाची होती, तो पंजा आगीतसुद्धा टाकतो, आणि बाप, मिस्टर व्हाइट, तो बाहेर काढतात. मागितलेले दोनशे पौंड मिळतात ते मुलगा कारखान्यात मेल्याची भरपाई म्हणून. आमच्या मुलाने या जागा स्वतः पेन्सिलने खुणावल्या, नंतर व्याख्या पाठ करावी लागलीच नाही.

सातवीची_आई:
खूप खूप आभार, कुणाला काय माहीत हे आजच करून बघते. अजून एक, टोन आणि मूड यात पण तिचा गोंधळ आहे.

निळी_शाई:
टोन सांगणाऱ्याचा, मूड वाचणाऱ्याचा. पोचा नॅरेटर किती हळू दार उघडलं, किती सावध होतो हे अभिमानाने सांगतो, हा टोन. आणि ते वाचताना आपल्याला जी धडकी भरते तो मूड. गोष्ट १८४३ ची असली तरी वाक्यं तुटक आहेत, मोठ्याने वाचून घ्या म्हणजे दोन्ही कानाला कळेल. आणि प्रत्येक उत्तराला कुठल्या ओळीवरून म्हणतेस हे विचाराच, टेस्टमध्ये टेक्स्ट एव्हिडन्स मागतात.