हॉलिवूडची स्टुडिओपद्धत: कसब घडवणारी की माणसं बांधून ठेवणारी?

जुनी_रिळं: १९३० ते १९४८ या काळात हॉलिवूडमध्ये जे देखणं काम झालं, त्याचं श्रेय मी पगारी नोकरीला देतो. सुतार, रंगारी, शिंपी, संकलक, लेखक सगळे स्टुडिओच्या हजेरीपटावर. ‘कासाब्लांका’ चित्रपटाच्या (१९४२) शेवटच्या प्रसंगातला विमानतळ घ्या. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या स्टेजवर उभारलेला. मागचं विमान खोटं आणि छोटं. ते मोठं भासावं म्हणून शेजारी बुटकी माणसं मेकॅनिक म्हणून उभी केली, वर धुकं सोडलं. तो प्रसंग बघताना माझा गळा आजही दाटून येतो. रोज एकत्र राबणाऱ्यांनाच हे जमतं.

उलटतपासणी: पगार होता, पण सुटका होती का? भूमिका नाकारली की नटाचं बिनपगारी निलंबन, आणि तेवढे दिवस सात वर्षांच्या करारात वाढवायचे! अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडची सात वर्षं भरली तरी वॉर्नर तिला सोडेना. १९४३ मध्ये ती कोर्टात गेली. कंपनीने इतर स्टुडिओंना पत्रं धाडली, तिचं काम बंद पडलं. १९४४ मध्ये अपील न्यायालयाने बजावलं, सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं.

पिटातला: थिएटरवाल्यांचेही हाल. एक चांगला चित्रपट हवा तर सोबत चार नको असलेले घ्या, तेही न बघता. आणि करारांचा जाच आपल्याकडेही होताच. १९३९ मध्ये शांता आपटे कराराच्या वादातून पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या.

जुनी_रिळं: ते निलंबनाचं कलम अन्यायाचंच, मान्य. पण मी सुताराबद्दल बोलतोय. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या स्टुडिओंना स्वतःच्या मालकीची थिएटरं सोडावी लागली, हक्काचं गिऱ्हाईक गेलं, आणि हळूहळू कायमच्या नोकऱ्याही. मग दर चित्रपटाला नवी माणसं गोळा करा.

उलटतपासणी: सुताराचंच बघू. १९४५ मध्ये सेट सजवणाऱ्यांचा संप झाला, सुतार-रंगारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ५ ऑक्टोबरला बरबँकला वॉर्नरच्या फाटकावर त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, पाण्याचे बंब मारले. ज्या आवारात तुमचं विमान उभं होतं, त्याच आवाराचं फाटक.

जुनी_रिळं: त्या दिवसाचे फोटो मी पाहिलेत, बघवत नाहीत. पण ते लोक नोकरी सोडायला निघाले नव्हते हो. आपल्या संघटनेला मान द्या आणि आम्हाला कामावर घ्या, एवढंच मागत होते.